चाळीस खणांत न मावलेलं नाव

कुस्तीच्या मैदानात तोंडावर आपटायची पाळी पैलवानांची असते. त्या दिवशी ती माझ्यावर आली, तीही पहिल्या तासाभरात.

औंधच्या बाजूला माझं आजोळ. तिथल्या यात्रेच्या मैदानासाठी मी सांगलीहून माझा दिव्यांचा बोर्ड घेऊन गेले होते. लढणाऱ्या दोघांची नावं आणि गावं त्यावर झळकणार. बोर्ड मी जोडलेला, आतला प्रोग्रॅमही माझाच, सी भाषेतला. मामा यात्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या शब्दावर तर तो मैदानात आला होता.

मैदान सुरू व्हायच्या आधी एक मुलगी चिठ्ठी घेऊन आली. पैलवान होती. आमच्या मैदानात मुलींची कुस्ती पहिल्यांदाच लागणार होती आणि ती हिचीच. चिठ्ठीवर तिचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

"ताई, आईचं नाव ऱ्हायला पायजे बरं का. रोज पहाटं गाडीवरनं तालमीत तीच सोडती मला."

"राहणार म्हणजे राहणार!" मी म्हटलं. माझं तोंड नेहमीच हातांच्या पुढं पळतं.

सी भाषेत नाव ठेवायचं तर ओळीनं खण मांडायचे, त्यांत अक्षरं भरायची आणि अक्षरं संपली की पुढच्या खणात शून्य ठेवायचं. शून्य म्हणजे 'इथं थांब'. यंत्राला नाव कुठं संपलं ते कळत नाही, शून्य दिसेपर्यंत ते वाचत सुटतं. मी नावाला चाळीस खण दिले होते. देवनागरीत एका अक्षराला तीन खण लागतात, मात्रेला आणखी तीन, तेही धरलं होतं. घरी नाव-आडनाव टाकून बघितलं, सगळं झकास. पण आमच्याकडं मैदानात नुसतं नाव-आडनाव घेऊन उतरतं कोण? पुढं पैलवान, मागं अमक्या वस्तादांचा पठ्ठ्या, तमक्या तालमीचा. लहानपणापासून हे ऐकत आले आणि नेमकं तेच विसरले!

तिसऱ्याच कुस्तीला नाव चाळीस खण भरून बसलं. शून्याला जागाच उरली नाही. यंत्र पुढं वाचत गेलं आणि पुढच्या खणांत होतं समोरच्या पैलवानाचं गाव. बोर्डावर आमच्या गावचा गडी बिनदिक्कत त्या गावचा झाला. शिट्ट्या, हशा, नुसता दंगा! त्याचे वस्ताद तरातरा स्टेजवर आले.

"आवं ताई, आमचं पोरगं त्यास्नी कवा दत्तक दिलं?"

मामांचं तोंड लालबुंद. "अगं, लांब नावं छाट की! त्या पोरीच्या आईचं नाव काढ, म्हंजे बसतंय. जमत नसंल तर बोर्ड बंद. माईकवर भागतंय आमचं."

छाटणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. खोटं कशाला बोलू, माझा हात तिकडं गेलाही. मग माझाच मला संताप आला. खण मी कमी दिले आणि नाव त्या बाईचं जाणार?

"मामा, तासभर द्या. नाही जमलं तर वायर मी स्वतः काढते."

मांडवात खुर्चीवर लॅपटॉप ठेवला आणि जमिनीवर बसले. बाहेर हलगी कडाडत होती. चाळीसचा आकडा काढून टाकला. आता आधी नाव मोजायचं, लागतील तेवढे खण घ्यायचे, वर शून्यासाठी एक जादा, आणि ते शून्य न विसरता ठेवायचं. बोर्डाच्या रुंदीत मावलं नाही तर नाव सरकत पुढं जाईल. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चढवला तर बोर्ड काळाठिक्कर. प्रोग्रॅमच्या एका कोपऱ्यात जुना चाळीसचा आकडा लपून बसला होता! "मेल्या, तू अजून इथंच?" मी मोठ्यानं ओरडले. चहावाला दचकून बघायला लागला.

मुलींची कुस्ती पुकारली. मी बटण दाबलं. मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं, आडनाव, शेवटी आमचं गाव. सगळं सरकत आलं आणि जिथं थांबायचं तिथं थांबलं. मी मामांकडं बघितलंच नाही, मुद्दाम.

पोरीनं चौथ्या मिनिटाला एकचाक डाव टाकला आणि समोरची चीत! मैदान उसळलं. मी मात्र बोर्डाकडं वळले, कारण आता नावाच्या पुढं 'विजयी पैलवान' लागणार होतं, म्हणजे दिवसभरातलं सगळ्यांत लांब नाव. दाबलं बटण. आलं! एक मात्रासुद्धा गळली नाही. मी खुर्चीवर चढून शिट्टी मारली, अध्यक्षांची भाची असून.

"लय भारी, गड्या!" मामा मला म्हणाले. पोरीच्या जातीला गड्या म्हणायची त्यांची ती पहिलीच वेळ.

बायकांच्या बाजूला त्या मुलीची आई उभी होती. लेकीकडं सगळं मैदान धावलं होतं, ही बोर्डाकडं बघत होती. ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत. नाव सरकून गेलं की पुन्हा यायची वाट बघायची. तिसऱ्या वेळी तिनं शेजारणीचा दंड धरला आणि बोट वर केलं.

"त्ये दुसरं नाव हाय न्हवं? त्ये मी."