न्हाणीतला घोट

निखाऱ्यावर ओवा पडल्याचा वास आला की अजूनही माझी जीभ टाळूला चिकटते. निजामाचं राज्य होतं तेव्हा, आणि पहिल्या बाळंतपणाला मी भोकरदनकडं माहेरी आले होते. खोलीच्या खिडकीला गोणपाट ठोकलेलं, बाजेखाली शेगडी, बाहेर वैशाख. पाठ बाजेच्या सुंभाला चिकटायची आणि रक्ताच्या चिंध्यांवर माश्या घोंगावायच्या. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, अशी रीत. दिवसाकाठी ओवा घालून उकळलेल्या पाण्याची एक वाटी मिळायची, बस. "आई, एक घोट दे गं," मी म्हणायची. "न्हाई, बाई. तुही मावशी बाळंतपणात पाणी पिऊनच गेल्ती," असं म्हणून आई तोंड फिरवायची. एकदा न्हाणीत सुईण डोक्यावरून कढत पाणी ओतत होती, तेव्हा मी मान वर करून तोंड उघडलं. तेल, हळद, निंबाचा पाला, माझाच घाम, सगळं गटागटा गिळलं. सुईणीनं ते पाहिलं. पुढचा तांब्या तिनं सावकाश, बराबर माझ्या तोंडावरच ओतला. पण दारात उभ्या असलेल्या आईला गिळल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून सुईण मला न्हाऊ घालताना आई माझं तोंड तळहातानं दाबून धरू लागली. तो हात सैल पडायचा नाही. परवा दवाखान्यात माझी नात बाळंत झाली. नर्सनं तिला पाण्याचा ग्लास दिला, आणि मला कळायच्या आत माझा तळहात तिच्या ओठांवर गेला.