राखेत दाबलेली काच

लाइनीतल्या बायांनो, आज सकाळी तुमच्यावर तोंडसुख घेतलं, म्हणून हे फळ्यावर लिहिते आहे.

तुम्ही शेगडीची राख मला आणून देता. मी ती चाळून डब्यात भरते आणि आपली भांडी घासणारी गंगाबाई डबा नेते. आज त्या राखेत काच निघाली, तिचा अंगठा चिरला. मी तडक तुमच्या दारोदार फिरले. "काच वेगळी ठेवा म्हणून कितीदा सांगू वं?" कुसुम तर रडलीच.

आमचे हे ओट्यावर पेपर वाचत सगळं ऐकत होते. जेवताना म्हणाले, "काल बल्ब फुटला. कोणाच्या पायाले लागू नये म्हणून मीच काच तुह्या चाळलेल्या डब्यातल्या राखेत दाबली."

"मंग सकाळीच काहून नाही सांगतलं जी?"

"तू इतकी तपून राहिली होती."

चाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला असं तोंडघशी पाडलं नव्हतं.

संध्याकाळी गंगाबाईला पुन्हा चाळून डबा दिला. अंगठ्याला चिंधी बांधलेल्या हाताने तिने तो घेतला आणि आधी काडीने राख उकरून पाहिली. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं.

बायांनो, मला माफ करा. यांना मी कसं माफ करू, ते मात्र तुम्ही सांगा.