गोपाळभटजींची वेळ

अमरावतीच्या बुधवाऱ्यात दोन वेळा चालत. एक साऱ्या देशाची आणि दुसरी गोपाळभटजींची. भटजींची वेळ वीसेक मिनिटं मागे असे, आणि ती तशी असते हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गोपाळकृष्ण देवपुजारी हे त्यांचं पूर्ण नाव. पण एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती.

"सरकारनं घड्याळ लावलंय ते मिर्झापूरच्या सूर्यावर," भटजी सांगत. "माझे यजमान काय मिर्झापूरला राहतात? आपल्या अंगणात सूर्य माथ्यावर येईल तेव्हा आपले बारा."

बोलणं काही चूक नव्हतं, पण त्यापायी मोटार चुकायची. तिवस्याच्या लग्नाला निघालेले भटजी स्टँडवर पोचत तेव्हा मोटारीची नुसती धूळ उरलेली असे. मग ते मोटारीवरच चिडत, वेळेआधी सुटली म्हणून. लग्नमंडपात तर विचारूच नका. वरपक्षाकडचा एखादा मनगटी घड्याळवाला पाहुणा 'मुहूर्त टळला, मुहूर्त टळला' म्हणून नाचू लागला की भटजी कमरेचं घड्याळ सावकाश काढत, झाकण उघडत, बघत आणि मिटत. "अजून वेळ आहे," एवढंच म्हणत. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरानवरी घामाघूम होऊन उभी असत.

ते घड्याळ चांदीच्या झाकणाचं होतं. तबकडीवर चाराच्या आकड्याजवळ केसाएवढा तडा होता. साखळीची एक कडी तुटली होती, तिथं त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, काळ्या रेशमाची गाठ मारून दिली होती. पुढं सत्यभामाबाई गेल्या, गाठ तेवढी राहिली. रोज उजाडायच्या आत भटजी अंथरुणावर बसूनच घड्याळाला चावी देत. ती किरकिर कानावर आली की त्यांची मुलगी अनसूया कूस बदलायची आणि म्हणायची, चला, दिवस सुरू झाला.

अनसूया पुढं शिकली आणि अकोल्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. लग्न झालं नाही, म्हणजे जमलं नाही आणि मग तिनं जमवूही दिलं नाही. एका खोलीत राहायची, सुट्टीला अमरावतीला यायची. स्वतःचं घड्याळ तिच्याकडं नव्हतं. शाळेत घंटा होती आणि घरी बाबा होते, तिला तिसऱ्या घड्याळाची गरज वाटली नाही.

एकसष्ट सालच्या फाल्गुनात गोपाळभटजी गेले.

तेराव्याला शय्यादान करतात. गेलेल्याची गादी, पांघरूण, छत्री, वहाणा, तांब्या आणि त्याच्या जिवाची एखादी वस्तू, असं सगळं ब्राह्मणाला द्यायचं, म्हणजे तिकडं ते त्याला मिळतं. हे दान जड मानलेलं. घ्यायला सहसा कुणी धजत नाही. तिवस्याचे एक म्हातारे भटजी घरच्या ओढगस्तीपायी घेत, तेच आले होते. अनसूया आत बायकांबरोबर स्वयंपाकात होती. बाहेर आली तेव्हा गुंडाळलेल्या गादीवर बाबांचं घड्याळ होतं आणि तिचा थोरला भाऊ नारायण हातावरून उदक सोडत होता. पाणी ताम्हनात पडलं. झालं, संपलं.

"त्यांचं सगळ्यात आवडीचं तेच होतं ना," नारायण नंतर म्हणाला. तो कोर्टात कारकून होता, सगळं नियमानं करणारा. तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं पुढं जोडलं, "आणि तसंही ते बरोबर कुठं चालत होतं, अनू?"

पहिल्या वाक्यासाठी तिनं त्याला उभ्या उभ्या माफ केलं असतं. दुसऱ्यासाठी काही केल्या होईना. तेव्हापासून ती अमरावतीला गेली तरी नारायणाशी कामापुरतं बोलायची.

बाबा गेल्याचं दुःख तिला वाटलं होतं त्याहून वेगळ्याच ठिकाणी दुखू लागलं. दिवसभर काही नसे. पहाटे मात्र जाग यायची आणि ती अंथरुणात पडून ऐकत राहायची. अकोल्याच्या त्या खोलीत बाबा कधी राहिलेही नव्हते, तिथं चावीची किरकिर ऐकू येण्याचं काही कारणच नव्हतं. तरी ती ऐकायची. शेवटी दिवाळीनंतर तिनं ठरवलं, बाबांच्या नावानं एक घड्याळ घ्यायचं. मनगटी नको, जुनं, कमरेचं. आपल्या पगारातून.

तसली घड्याळं एका पंजाबरावाकडं मिळतात, असं तिला शाळेत कुणीतरी सांगितलं. तो अमरावतीकडून जुना माल उचलून आणतो म्हणे. अमरावतीचं नाव ऐकल्यावर तिच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. पण तिनं ते स्वतःलाही सांगितलं नाही.

पंजाबराव तेल्हाऱ्याकडचा. घरची भाजीची वाडी भावांवर टाकून अकोल्यात घड्याळं दुरुस्त करत बसलेला. डोळ्याला भिंग, पुढ्यात काचेची पेटी.

"या बाई. लेडीज पायजे का? नवा माल आला हाये."

"नको. कमरेचं दाखवा, जुनं. पुरुषांचं."

पंजाबरावानं भिंग काढलं. "कोनासाठी जी?"

"माझ्यासाठी."

खणातून फडक्यात बांधलेली दोन घड्याळं काढून त्यानं पेटीवर ठेवली. एक जरा थोराड होतं, पांढऱ्या धातूचं, घासून गुळगुळीत झालेलं. दुसऱ्याकडं तिला नीट बघावंही लागलं नाही. फडक्याबाहेर काळ्या रेशमाची गाठ आली होती.

"ह्ये चांदीचं लई चांगलं हाये," पंजाबराव सांगत होता. "तिवस्याचे एक भटजी इकून गेले. फक्त मांगं चालत होतं, तं मी टायमावर आनलं. आता रेडिओसंगं चालते पाहा."

अनसूयेनं ते कानाशी धरलं. आवाज तोच होता. चाराजवळचा तडा तोच होता. काटे मात्र सरकारी वेळेवर उभे होते. तिला रडू फुटलं, भर दुपारी, परक्या माणसाच्या दुकानात. ती मुलींना धाकात ठेवणारी मास्तरीण होती, पण तिला ते आवरलं नाही.

"काय झालं जी?"

"माझ्या वडलांचं आहे हे."

"अरे बाप्पा! मंग इचार काय करून राहिल्या? घेऊन जा ना. तुमचंच हाये तं. मी जितक्याले घेतलं तितकेच द्या."

तिनं घड्याळ पेटीवर ठेवलं. "परत येते," म्हणाली आणि बाहेर पडली.

खोलीवर येऊन तिनं चहा टाकला आणि तो उतू गेला. आड येत होती ती चांदी नावाची एक गाय.

अनसूया मॅट्रिकला होती तेव्हाची गोष्ट. वरूडचे किसनराव, संत्र्याच्या बागा असलेले, त्यांची आई वारली. भटजींना गोदान मिळालं. तेव्हा रीतच पडून गेली होती की गाय सकाळी दान करायची, भटजींच्या हातावर काही रुपये ठेवायचे आणि संध्याकाळी तीच गाय त्याच गोठ्यात बांधायची. भटजीही खूश, यजमानही खूश. गाईला तर काही झाल्याचं कळतही नसे. गोपाळभटजींनी मात्र रुपयांना हात लावला नाही. "मला गाय दिलीत, मी गाय नेणार," म्हणाले. संत्र्यांच्या ट्रकमधून गाय बुधवाऱ्यात आली तेव्हा अख्खी पेठ बघायला लोटली होती.

मागोमाग किसनरावांची बायको माणिकबाई आली. चांदीला तिनं पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. दारातच बसली.

"महाराज, माही चांदी मले द्या. तुमी म्हनसान तेवढे पैसे घ्या. तिच्याबिगर गोठ्यात पाय टाकवत नाई मले."

"माणिकबाई," भटजी म्हणाले, "उदक सोडलं तेव्हाच ती तुमची राहिली नाही. आता पैसे देऊन नेलीत तर दान झालंच नाही. सासूबाईंच्या नावानं नुसता सौदा झाला. तिला भेटायला केव्हाही या. घर तुमचं आहे."

माणिकबाई रडत परत गेली. मग जेव्हा जेव्हा अमरावतीला यायची तेव्हा पदराखाली सरकीची ढेप घेऊन यायची, गाईच्या मानेवर हात ठेवून उभी राहायची आणि घरातल्या कुणाकडं न बघता निघून जायची. आपला बाप दगड आहे असं अनसूयेला वाटलं होतं. कितीतरी दिवस तिनं त्यांच्याशी अबोला धरला होता. भटजींनी तो ऐकून घेतला, म्हणजे अबोला जसा ऐकतात तसा.

आता ती स्वतःशीच वकिली करू लागली. दान नारायणानं केलं, आपण नाही. तिवस्याच्या भटजींनी ते राजीखुशीनं विकलं. आपण त्यांच्याकडून थोडंच परत घेतोय, दुकानातून घेतोय. आणि कळणार कुणाला? मुद्दे सगळे बिनतोड होते. पण प्रत्येक मुद्द्याशी माणिकबाई उभी होती, गाईच्या मानेवर हात ठेवून. आज आपण हे घड्याळ विकत घेतलं तर बाबांनी त्या बाईला फुकट रडवलं असं होईल. अनसूयेला ते सोसेना. बाप कडक होता हे तिला चालत होतं. पण तो कडकपणा त्याच्या स्वतःच्या लेकीनं खोटा ठरवायचा, हे चालत नव्हतं.

आठवडाभरानं ती पुन्हा दुकानात गेली आणि तिनं ते दुसरं, थोराड घड्याळ मागितलं.

पंजाबराव बघतच राहिला. "तुमच्या वडलांचं सोडून भलत्याचंच घेऊन राहिल्या? काहून जी?"

"ते दान दिलेलं आहे, पंजाबराव."

त्याला ते कितपत पटलं कोण जाणे. त्यानं मान हलवली आणि चांदीचं घड्याळ तिच्यापुढं सरकवलं. "मंग याच्यावरून हात तं फिरवून घ्या."

अनसूयेनं गाठीवरून बोट फिरवलं. आईनं मारलेली गाठ अजून घट्ट होती. "याला गिऱ्हाईक आलं तर त्याला सांगा," ती म्हणाली, "चावी पहाटे देत जा म्हणावं. उजाडायच्या आत."

मग तिनं आपलं नवं जुनं घड्याळ हातात घेतलं आणि काटे मागे फिरवले.

"आता मांगं काहून करून राहिल्या? बरोबर लावून देल्लं ना मी!"

"आमच्याकडं आत्ता एवढेच वाजलेले असतात," अनसूया म्हणाली.

शाळेत मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या. टेबलावर बाईंचं बाप्यांचं घड्याळ, आणि तेही मागे. अनसूयाबाईंनी हसू दिलं. त्या शाळेची घंटा पाळत आणि बाकीचं आयुष्य वीस मिनिटं मागून जगत. त्यात त्यांचं कधी काही बिघडलं नाही.

फाल्गुनात वर्षश्राद्धाला ती अमरावतीला आली. पहिल्याच पहाटे ती माजघरात घड्याळाला चावी देत होती, तो पलीकडच्या खोलीतला नारायण ताडकन उठून दारात आला. केस विस्कटलेले, डोळे मोठे. क्षणभर त्याला काय वाटलं असेल ते तिला न सांगता कळलं. तिनं त्याला सगळं सांगितलं, पंजाबरावाचं दुकान, काळी गाठ, माणिकबाईची चांदी. नारायण ऐकत होता. मग विहिरीवर गेला आणि बराच वेळ पाणी ओढत राहिला.

श्राद्ध मध्यान्हीच्या वेळेलाच करायचं असतं, आधी करून भागत नाही. पानं मांडली. नारायण सोवळ्यात बसला. मनगटी घड्याळाचा पट्टा चामड्याचा, सोवळ्यात चालत नाही, म्हणून ते त्यानं कोनाड्यात ठेवलं होतं. श्राद्धाला बोलावलेल्या भटजींना पुढं आणखी एका घरी जायचं होतं. त्यांनी कोनाड्याकडं मान वळवून पाहिलं.

"वेळ झाली, नारायणराव. घ्या पाणी हातावर."

नारायणानं पळी भरली आणि तशीच धरून थांबला.

"अनू," त्यानं स्वयंपाकघराकडं हाक मारली, "बाबांच्या घड्याळात किती झाले गं?"

अनसूया हात पुसत बाहेर आली. कमरेचं घड्याळ बाबांचं नव्हतं. त्या घरात ते नारायणाइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, त्यानंच तर उदक सोडलं होतं. तिनं भावाकडं पाहिलं. मग घड्याळ काढलं, झाकण उघडलं, पाहिलं आणि मिटलं.

"अजून वेळ आहे," ती म्हणाली.

"मग थांबू," नारायण म्हणाला, आणि त्यानं पळी परत पंचपात्रात ठेवली.