लालभाजीचा वाफा

आमची बुढी, म्हणजे माझी बायको, गाईच्या दुधाला शिवत नव्हती आणि गाईचं शेण मात्र दोन्ही हातांनी उचलून घरी आणायची. माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. ती गेली, तरी तो सुटला नाही.

रायपूर राजधानी झालं तेव्हा पुरानी बस्तीत ज्याला त्याला अंगणात सिमेंट ओतायची घाई. आमच्या मागच्या अंगणात तिनं ओतू दिलं नाही. तिथं तिची लालभाजी होती, लाल माठाची. साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिला लालभाजीवाली काकी म्हणत. युरिया नाही, दवा नाही. शेण आणि पालापाचोळा, बस. मी सिलतऱ्याला कारखान्यात वेल्डर. तिकडची काळी धूळ पानांवर येऊन बसे. ही कसली शुद्ध भाजी, असं मी म्हटलं की ती माझ्या कॉलरकडे बोट दाखवायची आणि भाजी तीन पाण्यांतून काढायची.

दूध सुटलं ते एका सकाळी. दूधवाल्याचं वासरू मेलं होतं. त्याच्या कातड्यात भुसा भरून त्यानं ते गाईपुढं उभं केलं होतं. गाय चाटत होती, हा धार काढत होता. बुढी रिकामी बरणी घेऊन परत आली. त्या दिवसापासून चहा कोरा, दही बंद, तूप बंद. मी भांडलो. मग शेण कसं चालते तुले, म्हणून विचारलं.

"शेण गाय टाकून देते. दूध आपण ओढून घेतो. इतकं बी समजत काहून नाही तुमाले?"

हव, म्हटलं. समजलं काही नव्हतं.

नातीनं फोनवर सांगितलं, "दादी, आप तो वीगन हो गईं." बुढी म्हणाली, "मले नाव नको ठेवू पोट्टी, मी फक्त कोरा चहा पिऊन राहिली."

पुढं तिचे गुडघे धरले. शेण आणायला जाता येईना. जन्मभर लोखंड जोडलं, पण रस्त्यावर वाकून शेण उचलायची मला लाज. मी नर्सरीतून खताची पिशवी आणली. एकदम जैविक आहे भैया, दुकानदार म्हणाला. तिला जैविकच पाहिजे होतं ना? टाकलं वाफ्यात.

भाजी अशी तरारली की विचारू नका. बुढीनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. "तुमच्या हाताले गुण आहे," म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाली असेल.

दुसऱ्या दिवशी पिशवी घडी करताना मी अक्षरं लावून लावून वाचलं. हड्डी का चूरा. जनावरांच्या हाडांचा. जैविक तर ते होतंच, दुकानदार खोटा नव्हता. पण हाड गाय टाकून देते का? हे तिलाच विचारायला पाहिजे होतं, आणि तिलाच विचारता येत नव्हतं. पिशवी पाण्याच्या ड्रमामागं कोंबली आणि टोपली घेऊन शेण उचलायला निघालो. पायरीवर बसून ती बघत होती. हसली. त्या वाफ्यातली भाजी ती शेवटपर्यंत खात राहिली. आज सांगू, उद्या सांगू, म्हणत मी दोन वर्षं घालवली. मग तीच गेली.

तेरवी झाल्यावर पेरायला बी शोधत होतो. फडताळात एक पिशवी मिळाली. धुतलेली, लुगड्याच्या काठानं तोंड बांधलेलं, आत लालभाजीचं बी. पांढरी कोरी पिशवी, कुठं काही लिहिलेलं नाही. बी परातीत ओतलं आणि झटकायला म्हणून पिशवीची आतली बाजू बाहेर काढली.

हड्डी का चूरा.

बुढी हिंदी पेपर रोज पहिल्या पानापासून वाचायची. तिनं अक्षरं आतल्या बाजूला केली होती.

पिशवी मी पुन्हा तशीच उलटली आणि बी घेऊन वाफ्यात गेलो.