आंधी जीभ दाखव

चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव ओळखणारे चांदा जिल्ह्यात पुष्कळ होते, पण जिभेवरून त्याची सगळी चालचलणूक सांगणारे एकटे आमचे मावसाजी. मावशीचे यजमान म्हणून आमचे मावसाजी. एरवी आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या माडिया आदिवासींच्या एका गावात ते शाळेचे गुरुजी होते. त्यांच्या दारात गेलं की रामराम मागून, आधी हुकूम सुटायचा, "आंधी जीभ दाखव." पांढरी जीभ म्हणजे चहा, पिवळी म्हणजे तळण, काळसर म्हणजे बिडी. एका लग्नात त्यांनी नवरदेवाला बोहल्यावर चढण्याआधी जीभ काढायला लावली होती. शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांची जीभ पाहिल्याशिवाय हजेरीपटही पुढे केला नाही, आणि वर तीन दिवस नुसत्या पेजेवर राहायला सांगितलं. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत शाळेबद्दल चार चांगले शब्द लिहिले, पेजेबद्दल एकही नाही, याचं मावसाजींना फार वाईट वाटलं.

त्यांचं हे शास्त्र मूल तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, आलेलं होतं. तिकडे शेताजवळच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. उन्हाळ्यात बोडी आटली की सारे मिळून तिच्यातला गाळ उपसतात. मावसाजी भेटेल त्याला विचारायचे, "बोडीतला गाळ दरसाल काढतेस नं? मंग पोटातला काऊन नाई काढत?" स्वतःच्या पोटाची बोडी ते नेमाने उपसत. फाल्गुनात मीठ बंद, चैत्रभर कडुनिंबाचा कोवळा पाला आणि आंबील, बारा महिने पहाटे दवावरून अनवाणी फेरी. गिरणीतला पांढरा तांदूळ त्यांच्या घरी शिरला नाही. मावशी उखळात धान कांडायची आणि तो तांबूस भात ते घासाघासाला बत्तीस वेळा चावून खायचे. बोटांवर मोजत असल्यामुळे जेवताना ते कुणाशी बोलत नसत, आणि संसारातलं जे काही बोलायचं ते मावशी नेमकं तेव्हाच बोलून घ्यायची. ते शाळेत गेले की ती चूल फुंकून कपभर चहा करून प्यायची आणि मग राखेने जीभ लख्ख घासून ठेवायची. हे मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

मी तेव्हा चांद्याच्या कचेरीत नवा कारकून होतो आणि खानावळीच्या जेवणाने माझं पित्त खवळलं होतं. चैत्रात रजा काढून मावसाजींकडे गेलो. "अवो, पोराले आंधी पानी तं पेऊ द्या," मावशी म्हणाली, पण मी उंबऱ्यातच जीभ काढून उभा होतो. एक डोळा बारीक करून बराच वेळ बघून ते म्हणाले, "हे जीभ नाई बाबू, हे कचेरीची फाईल हाय." माझ्यासाठी त्यांनी त्या वर्षी कडुनिंबाचा नेम मोडला. नाल्याकाठच्या झाडाच्या कोवळ्या कैऱ्या तोडून आणल्या, उकडल्या, आणि बिनमिठाचं, बिनगुळाचं पन्हं आम्ही दोघांनी सकाळ-संध्याकाळ प्यायलं. एक पेला वर्गात नेऊन त्यांनी मुलांना त्याचे गुणही समजावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही मूल आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गावानेच बांबू-मातीची उभारून दिलेली ती शाळा. मावसाजींनी दोन वर्षं दारोदार फिरून बावीस मुलं जमवली होती, आणि हजेरी पडली तर शाळा बंद करू, असं वरून पत्र आलेलं होतं. मावसाजी रिकाम्या वर्गात एकटे बसले. त्या दिवशी त्यांनी घास मोजले नाहीत.

चौथ्या दिवशी गायता आला. गायता म्हणजे गावाच्या देवाधर्माचं बघणारा म्हातारा. तो खाली बसला आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, आमचा पंडुम नाई झाला अजून. नवं फळ आंधी देवाले दाखवतो, मंग सारा गाव संगंच खातो. तोवर लेकरू रडलं तरी आमी त्याले कैरी देत नाई. कोय तं बनू द्या तिची. तुमी तोडली, अन् लेकरांले खा म्हनून सांगलं."

आता मावसाजी पित्ताचं शास्त्र काढतील, या भीतीने मी जमिनीकडे बघत राहिलो. शास्त्रापुढे त्यांनी खुद्द डिप्टीसाहेबांचीही गय केली नव्हती. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन वर्सं मी ह्या लोकांले पथ्य शिकवून राह्यलो. आमचं पथ्य एकट्याच्या पोटाचं. हे तं सारा गाव मिळून पाळते." त्याच दुपारी ते उन्हातून घरोघर गेले आणि प्रत्येक दारात, आपल्याच विद्यार्थ्यांसमोर, दोन्ही हातांनी कान धरून उभे राहिले. धोतर नेसलेले, पिकल्या मिशांचे गुरुजी कान धरून उभे बघून मुलं आईच्या मागे तोंड लपवून हसत होती. मी मागे उभा होतो, आणि हा माणूस माझा मावसा आहे, या विचाराने माझा ऊर भरून आला होता.

पंडुमच्या दिवशी देवापुढे आंबे ठेवले, पूजा झाली. गायत्याने पहिली फोड कापली आणि ती मावसाजींपुढे धरली. त्यांनी हात पुढे केला, तशी त्याने फोड मागे घेतली.

"गुरुजी," तो म्हणाला, "आंधी जीभ दाखवा."

सारा गाव बघत होता. मावसाजींनी मान वर केली आणि लांब जीभ काढली. त्यांच्यासारखाच एक डोळा बारीक करून गायत्याने ती नीट तपासली. "साफ हाय," तो म्हणाला, आणि फोड त्यांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या सकाळी बावीसच्या बावीस मुलं वर्गात बसली होती. गुरुजींनी आधी सगळ्यांच्या जिभा तपासल्या आणि मगच हजेरीपट उघडला.

मावसाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मावशी आता उघडपणे चहा पिते, पण कप ठेवला की तिचा हात अजून राखेकडे जातो. चैत्रात बाजारात कोवळ्या कैऱ्यांचे ढीग लागतात, तेव्हा मी उचललेली कैरी परत ठेवतो आणि पुढे जातो. घरी येऊन हातपाय धुतो आणि आरशासमोर उभा राहून जीभ काढतो. ती साफ आहे की नाही, मला काही कळत नाही. ते बघणारा माणूस गेला.