आठ उन्हाळे ठेवलेली बाटली

"ते तं बोलतच नाही, म्हणून लोकाईले हुशार वाटते. आत काही नाही, वहिनी. चार वर्षं होस्टेलले राहिली मी तिच्यासंग."

हे माझी मैत्रीण माझ्याबद्दल म्हणाली, आणि डॉक्टरांची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो, ती हसली. मी दवाखान्याच्या दाराबाहेर वाकून सँडलचा पट्टा सोडत होते. सोडलेला पट्टा मी पुन्हा लावला, पुन्हा सोडला, आणि या वेळी सँडल जरा आपटून ठेवली. आतलं बोलणं थांबलं. मैत्रीण बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"किती वाळली वं तू! घरचे जेवाले देत नाही का?"

मी हसले. तेवढं मला जमतं.

जानेवारीतला रविवार होता, दुपारचे बारा वाजले असतील. डॉक्टर अमरावतीचे, दातांचे. खाली दवाखाना, वर घर. वर पाटवडीच्या रश्श्याला फोडणी बसली होती आणि तो वास वाईन बिघडवेल म्हणून डॉक्टरांनी कार्यक्रम खाली दवाखान्यात ठेवला होता. शनिवारपासून खिडक्या उघड्या टाकूनही लवंगेच्या तेलाचा वास काही गेला नव्हता. पण वाईन चाखून थुंकायची असते आणि थुंकायची इतकी चांगली सोय अमरावतीत दुसरीकडे कुठे नव्हती. पेशंटच्या खुर्चीला जोडलेलं ते पांढरं भांडं, बटण दाबलं की त्यात पाणी गोल फिरायचं. डॉक्टर या गोष्टीवर फार खूश होते.

आठ वर्षांपूर्वी डॉक्टर, वहिनी, माझी मैत्रीण आणि तिचा नवरा असे चौघे नाशिकला फिरायला गेले होते. मैत्रिणीचं लग्न तेव्हा नवंनवं होतं. तिथे एका ठिकाणी त्यांनी एकाच वर्षाच्या, एकाच लाल वाईनच्या तीन बाटल्या घेतल्या. एक डॉक्टरांची, एक नवऱ्याची, आणि एक मैत्रिणीची, कारण ती अडून बसली होती की माझी वेगळी पाहिजे. प्रत्येकाने आपली बाटली आपल्या पद्धतीने सांभाळायची, आठ वर्षांनी एकत्र उघडायच्या आणि कोणाची चांगली मुरली ते बघायचं, असं ठरलं. ज्याची शेवटची येईल त्याने ती सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने ओतून टाकायची. डॉक्टरांनी आपली वाईनसाठी घेतलेल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवली, नवऱ्याने दुकानातल्या एसीत.

परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. माझी बाटली नव्हती, हे एक कारण. दुसरं म्हणजे आईबाबांकडे परत येण्याआधी मी तीन वर्षं पुण्यात एका हॉटेलात काम केलं होतं आणि तिथे आम्हाला वाईनचा वास घ्यायला शिकवलं होतं.

"मॅडम, आज इंग्लिश नाही बरं," मैत्रिणीचा नवरा म्हणाला. त्याचं अकोल्यात बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. पेशंटच्या खुर्चीवर तोच आडवा झाला होता, हातात चकली. "आमाले समजन असं सांगा. तसं तं रिझल्ट मले आताच माईत आहे. एक नंबर डॉक्टर, दोन नंबर मी. हिची लास्ट."

"काहून?" वहिनी म्हणाल्या.

"हिच्याजवळ काही टिकत नाही, वहिनी."

चकली मोडल्याचा आवाज झाला. मैत्रिणीला दोनदा दिवस गेले होते; एकदा चौथ्या महिन्यात आणि एकदा पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. डॉक्टर मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले. मैत्रीण बाटल्यांना गुंडाळायचा पेपर घड्या घालून सारखा करत बसली. तो आधीच सारखा होता.

मग तिने मला आतल्या एक्स-रेच्या खोलीत ओढलं. दोन माणसं उभी राहतील एवढीच ती जागा.

"ऐक न. तुले वास घेऊन समजते न कोणती कोणाची?"

"तसं नसतं गं."

"समजते तुले. मले माईत आहे." तिने माझं मनगट धरलं होतं. "एक नंबर नको देऊ. फक्त तीन नको येऊ देऊ. घरी जाईपर्यंत हे काय काय बोलतीन, तुले माईत नाही. दोन तास गाडीत."

मी विचारलं, ठेवली कुठे होतीस.

ती लगेच खुलली. उन्हाळाभर कूलरच्या टाकीत, म्हणाली. माठाला आपण ओलं पोतं गुंडाळतो तसं सुती ओढणीत गुंडाळायची आणि पाण्यात आडवी ठेवायची. तोंडाला मेणबत्तीचं मेण लावलं होतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. लाइट गेली की टाकीत बर्फ टाकायचा. पावसाळा लागला की पुसून गव्हाच्या कोठीत, मधोमध, कारण गहू आतून गार असतो. लेबल पहिल्याच उन्हाळ्यात विरघळलं. आठ उन्हाळे तिने असं केलं. एका वर्षी दवाखान्यात ॲडमिट असताना तिने सासूला फोन करून टाकीत बर्फ टाकायला लावला होता. "त्याईले वाटलं, पोरगी भ्रमिष्ट झाली," असं सांगून ती हसली.

मी तिच्या हसण्याकडे बघत होते आणि मला ऐकू येत होतं, आत काही नाही.

"करशील न एवढं?"

"बघू," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आतल्या खोलीत बाटल्या उघडल्या. पेपरात गुंडाळून, वर नंबर टाकून त्या बाहेर आणल्या आणि प्रत्येकाला तीन तीन ग्लास दिले. कुठला नंबर कोणाचा, हे फक्त त्यांना माहीत होतं. मी ग्लास नाकाशी नेला की सगळे गप्प व्हायचे. आयुष्यात माणसं माझ्यासाठी गप्प होतात ती तेवढीच वेळ.

एक नंबर स्वच्छ होती. आठ वर्षं एसीत बसलेल्या माणसासारखी, नीटनेटकी, जराशी कंटाळवाणी. ही डॉक्टरांची, छोट्या फ्रिजमधली.

दोन नंबर नाकाशी नेताच कळलं की ही भाजली आहे. करपलेला गूळ. गिऱ्हाईक असेपर्यंत चालू आणि कुलूप लावलं की बंद, असा मैत्रिणीच्या नवऱ्याच्या दुकानातला एसी. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन आठ वेळा तिच्यातून गेलं होतं.

तीन नंबरचा पहिला श्वास घेतला आणि वर्षातून पहिल्यांदा कूलर लावल्यावर घरभर सुटतो तो वास आला. ओली खस, शेवाळलेलं पाणी. अगदी वरवर, ग्लासाच्या काठाशी. मी ग्लास फिरवला. तो वास उडून गेला आणि खाली जे होतं ते आलं. सुकवलेली संत्र्याची साल, मनुका, आणि खूप वेळ जिभेवर राहणारं काहीतरी गार, ज्याला मला शब्द सापडला नाही. मी थुंकले नाही. गिळलं.

हॉटेलात एकदा आम्हाला अशी वाईन प्यायला मिळाली होती. एकदाच.

"हे तीन नंबर भारी आहे बे," मैत्रिणीचा नवरा खुर्चीवर उठून बसत म्हणाला. "हे मायीच असन. डॉक्टर, पाहा बरं घेऊन."

डॉक्टरांनी घेतली आणि मान हलवली. मोबाइलमध्ये बघून ते म्हणाले, "याला म्हणतात मुरणं." वहिनींना वाईन कळत नव्हती, पण तीन नंबरचा ग्लास त्यांनी खाली ठेवला नव्हता. मैत्रीण आपल्या ग्लासात बघत होती. आपली कोणती, ते तिला ओळखता येत नव्हतं. ती एकेक घोट घेऊन माझ्या चेहऱ्याकडे बघायची.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं. तिच्या नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने ते सांगून टाकलं होतं, पेपर काढले की तो काय बोलणार होता हे बघायला मजा आली असती. ते सगळं मला दिसत होतं. मला हेही दिसत होतं की ती जिंकली की माझ्या गळ्यात पडेल, मग वहिनींकडे वळेल आणि पुढच्या वेळी मी सँडल काढत असताना त्या दोघी माझ्याबद्दल तेच बोलतील.

"बोला मॅडम," नवरा म्हणाला. "का आमीच बोलाचं?"

वासांचे शब्द माझ्या डोक्यात इंग्रजीत येतात. मराठीत मला फक्त घरातल्या वस्तू आठवतात. आणि घरातल्या वस्तू सगळ्यांना माहीत असतात.

"तीनमध्ये वास आहे," मी म्हणाले.

"कायचा?"

"कूलरचा. पहिल्या दिवशी लावला की येतो ना, तो. घाण पाण्याचा."

हॉटेलातली ही पहिली शिकवण होती. गिऱ्हाइकासमोर वाईट वासाचं नाव कधी घ्यायचं नाही, कारण एकदा नाव घेतलं की त्याला दुसरं काही जाणवत नाही. चौघांनीही ग्लास नाकाशी नेले. वहिनींनी आधी तोंड वाकडं केलं. "हो वं माय, खरंच." डॉक्टर म्हणाले, "मला वाटलंच होतं काहीतरी आहे म्हणून." मैत्रिणीचा नवरा भांड्यात जोरात थुंकला आणि चूळ भरली. त्याला आवडली होती, हे तो एका मिनिटात विसरला.

मैत्रिणीने वास घेतला नाही. ग्लास तिने नाकापर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला. आता तिला आपली कोणती ते कळलं होतं.

"एक, दोन, तीन," मी म्हणाले. "याच क्रमाने."

पेपर निघाले. एक डॉक्टरांची. दोन नवऱ्याची. तीन नंबरच्या बाटलीला लेबलच नव्हतं.

"कूलरमध्ये ठेवली होती?" तो हसत सुटला. त्याला खोकला लागला इतका हसला. "डॉक्टर, बायकोनं वाईन कूलरमध्ये ठेवली होती! तरी मी म्हणतो, हे उन्हाळ्यात टाकीत हात घालून काय करून राहिली!" मग त्याने मोबाइल काढला. "चाल, ओत. मी व्हिडिओ काढतो. सांगतलं होतं न म्या वहिनी, हिच्याजवळ काही टिकत नाही!"

"जाऊ द्या न भाऊजी," वहिनी म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

"नियम म्हणजे नियम."

मैत्रीण उठली. पेशंटच्या खुर्चीजवळ गेली आणि बाटली उलटी धरली. अर्धीअधिक भरलेली होती. पांढऱ्या भांड्यात लाल रंग गोल गोल फिरत गेला आणि डॉक्टरांनी बटण दाबून पाणी सोडलं. बाटलीच्या तळाशी गाळ होता, चांगल्या मुरलेल्या वाईनला असतो तसा. तो निघेना म्हणून तिने दोनदा हलवली. मी बघत होते. व्हिडिओ संपेपर्यंत ती हसरा चेहरा करून उभी होती.

मग सगळे वर जेवायला गेले. रश्श्याचा वास जिन्यात आला होता. मैत्रीण मागे राहिली आणि दवाखान्याच्या बेसिनवर रिकामी बाटली विसळू लागली, कशासाठी ते मला कळलं नाही. मी दाराशी उभी राहिले.

"तू काहून असं तोंड करून राहिली?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "खोटं थोडी सांगाचं होतं तुले. मीच येडी, तुले असं सांगाले नव्हतं पाहिजे. परीक्षकाले कोणी असं सांगते का?" तिने नळ बंद केला. बाटलीतलं पाणी झटकलं. "मले वाटलं होतं, चांगली राहिली असन."

वरून तिच्या नवऱ्याने हाक मारली. ती ओढणीला हात पुसत माझ्याजवळून गेली, दोन पायऱ्या चढली.

"राहिली होती," मी म्हणाले. "तुझीच सगळ्यात चांगली होती."