आठ रुमाल आणि कोरम

पंधरा खुर्च्या भरलेल्या होत्या. सात खुर्च्यांवर माणसं होती, आठांवर रुमाल.

रुमाल म्हणजे आमच्याकडे डोक्याला बांधायचा फेटा. वकील नरसिंगरावांनी ते गठ्ठ्याने आणून एकेका खुर्चीवर मांडले होते. "घ्या सेक्रेटरी, कोरम झाला. करा सुरू."

निजामी अमल होता. मी भालकीच्या एका क्लबात सेक्रेटरी होतो. यादी करणं, नोटीस काढणं, हजेरीबुकावर सह्या घेणं ही माझी कामं. त्या दिवशी विषय एकच होता. क्लबची मागची खोली सकाळच्या वेळी काशीअक्कांच्या मुलींच्या शाळेला द्यायची की नाही. शाळा भरायची ते घर मालकाला दोन दिवसांत परत हवं होतं. खोली मिळाली नाही तर शाळा बंद. अक्का दाराजवळच्या बाकावर अर्ज घेऊन बसल्या होत्या. वकिलांचा विरोध होता. त्या खोलीत त्यांचा पत्त्यांचा डाव बसायचा.

सभा पुढे ढकलणंही सोपं नव्हतं. सभेला तहसिलीची इजाजत लागे, आणि आम्हाला ती त्या दिवशी सूर्यास्तापर्यंतच मिळाली होती.

क्लबचे आणखी आठ मेंबर समोरच्या आळीत लग्नघरी पंगतीला बसले होते. जेवताना रुमाल उतरवतातच. वकिलांनी तेवढं साधून रुमाल उचलले, आणि प्रत्येकाकडून मुखत्यारनामाही घेतला. मुखत्यारनामा म्हणजे प्रॉक्सी; माझं मत अमक्याने द्यावं, असं लिहून दिलेला कागद. आमच्या भागात सोयरिकीच्या बैठकीला रुमाल पाठवला की माणूस पोचला असं धरत. वकिलांना यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी नियमांचं पुस्तक उघडलं. "वकीलसाब, कागद चालतील. रुमाल चालणार न्हाईत."

"कामून?"

"सभा सुरू व्हायला कमीत कमी किती मेंबर जातीनं हजर पाहिजेत, तो आकडा म्हंजे कोरम. आपला पंधरा. प्रॉक्सीनं मत देता येतंय, हजेरी न्हाई."

"रुमाल म्हंजे माणसाची इज्जत. इज्जत हजर हाय आन माणूस न्हाई म्हणायलाव?"

अध्यक्ष शिवलिंगप्पा, डाळीचे व्यापारी, वकिलांकडे बघून गालात हसले. "मग रुमालालाच विचारा, अण्णा. हात वर करतोय का बघू."

अडचण मात्र खरी होती. रुमाल मोजले तर नऊ विरुद्ध सहा, अक्का हरणार. न मोजले तर सभाच नाही.

मी पुन्हा पुस्तक चाळलं. दोन नियम कामाचे निघाले. मेंबर स्वतः आला की त्याची प्रॉक्सी रद्द. आणि क्लबात राहिलेली वस्तू मालकानं जातीनं येऊन, सही करून न्यावी. मी आठही रुमाल कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि लग्नघरी निरोप धाडला.

"हे काय करायलाव, सेक्रेटरी?"

"नियम हाय. तुमची छत्री हरवली तवा तुम्हीच घालाय लावलाव."

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. उघड्या डोक्यानं अक्षता टाकायला कोण उभं राहणार? तासाभरात आठही जण डोक्यावर उपरणी घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं आले. पुढे बसप्पा पाटील. "दे बाबा रुमाल. तिकडं व्याही वाट बघायलेत."

"सही करा, पाटील."

सही हजेरीबुकावरच होती. मी काही लपवलं नाही, वर 'सभेची हजेरी' असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. पंधरावी सही झाली तशी अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "सभा सुरू. दहा मिनिटं बसा, मग जावा अक्षता टाकाय."

अक्का उठल्या. भाषण केलं नाही. "पाटील, तुमची लेक गोदा आता पत्र वाचायलीय. तुमाला आलेलं वाचून दाखवती का न्हाई?"

रुमालाचा पीळ घालता घालता पाटील खाली बघत म्हणाले, "व्हय अक्का."

मतं घेतली. चौदा हात वर गेले. वकिलांनी आपल्याजवळच्या आठ कागदांकडे पाहिलं आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवले. "सांजच्याला तरी पत्ते खेळू द्या म्हणावं." तेही ठरावात लिहून घेतलं.

कोरमचा नियम कशासाठी असतो ते मला तेव्हा कळलं. कागदावर नाही म्हणायला आठही जण तयार होते. अक्कांच्या समोर बसून म्हणायला एकही नव्हता.

पुढच्या नोटिशीपासून मी खाली एक ओळ कायमची घातली. मेंबरांनी रुमालासह यावे.